घटक ६ : तीव्र मानसिक आजार आणि जीवनगुणवत्तेचे मापन

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

● 'जीवनगुणवत्ता' ही संकल्पना राहणीमान, लक्षणे आणि विकलांगता यांहून वेगळी कशी आहे, हे स्पष्ट करता येईल.
● जीवनगुणवत्ता मोजण्याच्या प्रमुख साधनांचा परिचय करून देता येईल.
● एका मापनश्रेणीचे गुणांकन उदाहरणासह करून दाखवता येईल.
● रुग्णाचे स्वतःचे उत्तर आणि त्याची प्रत्यक्ष परिस्थिती यांत तफावत का पडते, याची कारणमीमांसा करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), द्विध्रुवी मनोविकार आणि तीव्र अवसाद या आजारांची लक्षणे व उपचारपद्धती यांचा परिचय करून घेतला. उपचारांमुळे भास थांबले, संशय ओसरला, झोप पूर्ववत झाली, की रुग्णात सुधारणा झाली असे आपण म्हणतो. हे म्हणणे खरे आहे, पण ते पूर्ण नाही. लक्षणे कमी झाल्यानंतर ती व्यक्ती कशी जगते, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर लक्षणांच्या यादीतून मिळत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एक बाई आहेत. वीस वर्षांपूर्वी त्यांना छिन्नमनस्कतेचे निदान झाले. गेली आठ वर्षे त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आलेली नाही. औषधे नियमित चालू आहेत. त्या भावाच्या घरी राहतात. त्यांना स्वतंत्र खोली नाही. रात्री बैठकीच्या खोलीत अंथरूण घालतात. हातात स्वतःचा पैसा नसतो. घरातील लग्नकार्याला त्यांना सहसा नेले जात नाही. एका पाहणीत त्यांना विचारण्यात आले, "तुमच्या जीवनाचा दर्जा तुम्हाला कसा वाटतो?" त्या म्हणाल्या, "चांगला आहे. दोन वेळचं मिळतं, भाऊ सांभाळतो, आणखी काय हवं?" मुलाखतकाराने पाचपैकी चार या अंकाभोवती वर्तुळ केले.

या चाराचा अर्थ कसा लावायचा? 'बाई समाधानी आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे काही करण्याची गरज नाही,' असे एक जण म्हणेल. 'त्या मनोरुग्ण आहेत, त्यांच्या उत्तरावर काय विसंबायचे,' असे दुसरा म्हणेल. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत, हे समजून घेणे हाच या घटकाचा मुख्य हेतू आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ जीवनगुणवत्ता : अर्थ व व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनगुणवत्तेची जी व्याख्या स्वीकारली आहे तिचा आशय असा : आपण ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आणि आपली ध्येये, अपेक्षा, मानदंड व चिंता यांच्या संदर्भात, जीवनातील आपल्या स्थानाविषयी व्यक्तीची जी स्वतःची धारणा असते, ती म्हणजे जीवनगुणवत्ता.

या व्याख्येतील तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, येथे धारणा व्यक्तीची स्वतःची आहे. डॉक्टरांची किंवा नातेवाइकांची नव्हे. दुसरी, ही धारणा संस्कृतीच्या चौकटीत घडते. तिसरी, तिचा संबंध अपेक्षांशी आहे. अपेक्षा बदलल्या की परिस्थिती तीच राहूनही धारणा बदलू शकते.

आता जवळच्या तीन संकल्पनांपासून ती वेगळी करू.

(अ) राहणीमान : उत्पन्न, घर, अन्न, सोयीसुविधा यांची बाहेरून मोजता येणारी पातळी. जीवनगुणवत्तेत हिचा समावेश होतो, परंतु जीवनगुणवत्ता तेवढ्यापुरती मर्यादित नसते.

(आ) लक्षणांची तीव्रता : भास, भ्रम, उदासी, निरुत्साह यांचे प्रमाण. लक्षणे कमी असूनही जीवन एकाकी असू शकते. तसेच काही लक्षणे शिल्लक असूनही एखादी व्यक्ती काम, मैत्री व छंद यांत रमलेली असू शकते.

(इ) विकलांगता : आजारामुळे कोणती कामे करता येत नाहीत याचे मापन. भारतात यासाठी 'आयडियाज' ही श्रेणी वापरतात. भारतीय मानसोपचार संघटनेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या श्रेणीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे तपासली जातात आणि आजाराचा कालावधीही विचारात घेतला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के विकलांगता प्रमाणित व्हावी लागते. म्हणजे विकलांगतेची श्रेणी 'काय जमत नाही' हे विचारते, तर जीवनगुणवत्तेची श्रेणी 'जगणे कसे चालले आहे' हे विचारते.

६.२.२ हा प्रश्न कसा पुढे आला?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत तीव्र मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत राहत. १९५५ मध्ये त्यांची संख्या साडेपाच लाखांहून अधिक होती. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आली. १९६३ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला. पुढील काही दशकांत रुग्णालये मोठ्या प्रमाणावर रिकामी झाली. या प्रक्रियेला 'निःसंस्थाकरण' म्हणतात.

रुग्णालयाबाहेर पडलेली माणसे कुटुंबांत, खासगी निवासगृहांत आणि काही तर रस्त्यावर आली. रुग्णालयातील खाटा कमी झाल्या हे धोरणाचे यश मानायचे, तर बाहेरचे जगणे आतल्यापेक्षा बरे आहे हे दाखवावे लागणार होते. लक्षणांची श्रेणी त्यासाठी अपुरी होती. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी अँथनी लेहमन यांनी लॉस एंजेलिस येथील निवासगृहांत राहणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचे जीवन त्यांच्याच शब्दांत नोंदवले. पैसा, बेरोजगारी, वैयक्तिक सुरक्षितता, कौटुंबिक व सामाजिक संबंध या बाबतींत रुग्णांची नाराजी विशेष दिसून आली. यांपैकी कोणतीही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीत लिहिता येत नाही, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु बहुतेक रुग्णांचा सांभाळ कुटुंबच करते. त्यामुळे आपल्याकडे जीवनगुणवत्तेचा प्रश्न मुख्यतः घराच्या उंबऱ्याच्या आतला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवून घेता येत नाही. पण समाजात राहणे आणि समाजाचा घटक म्हणून जगणे यांत अंतर आहे. ते अंतर किती आहे, हे कळण्यासाठी मापन हवे.

६.२.३ मापनाची प्रमुख साधने

१) जीवनगुणवत्ता श्रेणी (१९८४) : हाइनरिक्स, हॅनलन व कार्पेंटर यांनी छिन्नमनस्कतेसाठी तयार केलेली ही अर्धसंरचित मुलाखत आहे. तीत २१ बाबी असून प्रत्येकीला ० ते ६ गुण देतात. गुण तज्ज्ञ मुलाखतकार देतो. निरुत्साह, भावशून्यता यांसारख्या नकारात्मक लक्षणांशी ही श्रेणी फार जवळून निगडित असल्याने, ती जीवन मोजते की लक्षणे, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो.

२) लेहमन यांची जीवनगुणवत्ता मुलाखत (१९८८) : निवास, दैनंदिन व्यवहार, कुटुंब, सामाजिक संबंध, आर्थिक स्थिती, काम व शिक्षण, कायदा व सुरक्षितता आणि आरोग्य या आठ क्षेत्रांत ती वस्तुनिष्ठ व व्यक्तिनिष्ठ असे दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारते. उदाहरणार्थ, 'गेल्या महिन्यात हाती किती पैसे होते?' हा वस्तुनिष्ठ प्रश्न झाला, तर 'त्याबद्दल तुम्हाला कसे वाटते?' हा व्यक्तिनिष्ठ. व्यक्तिनिष्ठ उत्तरे सात पायऱ्यांच्या श्रेणीवर नोंदवतात.

३) मँचेस्टर संक्षिप्त मूल्यांकन (१९९९) : स्टेफान प्रीबे व सहकाऱ्यांनी तयार केलेले हे छोटे साधन आहे. यात समाधानाविषयी १२ प्रश्न आणि चार वस्तुनिष्ठ प्रश्न आहेत. जवळचा मित्र आहे का, गेल्या आठवड्यात मित्राची भेट झाली का, गुन्ह्याचा आरोप झाला का, मारहाण सोसावी लागली का, असे ते चार प्रश्न होत.

४) जागतिक आरोग्य संघटनेची संक्षिप्त श्रेणी : संघटनेच्या मूळ १०० प्रश्नांच्या श्रेणीवरून ही २६ प्रश्नांची श्रेणी तयार झाली. मूळ श्रेणीच्या निर्मितीत नवी दिल्ली व चेन्नई ही भारतीय केंद्रे सहभागी होती. पहिले दोन प्रश्न सर्वसाधारण आहेत. उरलेले २४ प्रश्न चार क्षेत्रांत विभागलेले आहेत : शारीरिक (७), मानसिक (६), सामाजिक संबंध (३) आणि परिसर (८). हे साधन मानसिक आजारापुरते मर्यादित नाही. त्यामुळे रुग्णांची इतर नागरिकांशी तुलना करता येते, हा त्याचा मोठा लाभ होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(क) 'काय जमत नाही' हे विचारणारी श्रेणी ........ मोजते.
(ख) लेहमन यांच्या मुलाखतीत एकूण ........ क्षेत्रे आहेत.
(ग) १९८४ च्या जीवनगुणवत्ता श्रेणीत गुण ........ देतो.

६.२.४ गुणांकनाचे उदाहरण

संघटनेच्या संक्षिप्त श्रेणीत गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण द्यायचे असतात. वेदना, वैद्यकीय उपचारांवरील अवलंबन आणि नकारात्मक भावना यांविषयीचे तीन प्रश्न (क्र. ३, ४ व २६) उलट्या दिशेचे आहेत. त्यांचे गुण ६ मधून वजा करून घ्यावे लागतात. मग क्षेत्रातील गुणांची सरासरी काढून तिला ४ ने गुणतात. त्यामुळे प्रत्येक क्षेत्राचा गुणांक ४ ते २० च्या दरम्यान येतो. त्यातून ४ वजा करून, १६ ने भागून १०० ने गुणले की तो ० ते १०० च्या मापात मिळतो.

आपल्या उदाहरणातील बाईंनी 'परिसर' क्षेत्रातील आठ प्रश्नांना पुढीलप्रमाणे गुण दिले असे समजू : सुरक्षितता ४, भोवतालचे आरोग्यदायी वातावरण ३, पुरेसा पैसा १, आवश्यक माहिती २, विरंगुळ्याची संधी १, राहण्याची जागा ४, आरोग्यसेवा ४, प्रवासाची सोय ३.

बेरीज = २२
सरासरी = २२ ÷ ८ = २.७५
क्षेत्र-गुणांक = २.७५ × ४ = ११
० ते १०० च्या मापात = (११ – ४) ÷ १६ × १०० = ४३.७५, म्हणजे सुमारे ४४

'जीवनाचा दर्जा कसा वाटतो?' या पहिल्या, सर्वसाधारण प्रश्नाला याच बाईंनी ५ पैकी ४ गुण दिले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवा. बाई खोटे बोललेल्या नाहीत. संपूर्ण जीवनाविषयी विचारले तेव्हा त्यांनी कृतज्ञतेने उत्तर दिले. पैसा आणि विरंगुळा यांविषयी नेमके विचारले तेव्हा उणीव दिसली. म्हणून एकाच सर्वसाधारण प्रश्नावर कधीही थांबू नये. तसेच चारही क्षेत्रांची बेरीज करून एकच आकडा काढू नये. उणीव नेमकी कोठे आहे, हे त्या बेरजेत झाकले जाते.

आणखी एक बाब. 'सामाजिक संबंध' क्षेत्रात तीनच प्रश्न आहेत व त्यांतील एक लैंगिक जीवनाविषयी आहे. अविवाहित, विधवा किंवा घरच्यांसमोर बसलेल्या व्यक्तीला या प्रश्नाचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तो कोरा राहिला तर संपूर्ण क्षेत्राचा गुणांक उरलेल्या दोनच उत्तरांवर ठरतो. हे साधन वापरणाऱ्याने ही मर्यादा अहवालात नमूद करावी.

६.२.५ रुग्णाचे उत्तर किती ग्राह्य?

प्रथम, 'मनोरुग्णाच्या उत्तराला अर्थ नसतो' या समजाचा विचार करू. १९९८ मध्ये कॅनडातील वोरुगंटी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लक्षणे स्थिर असलेल्या छिन्नमनस्कतेच्या रुग्णांनी आपल्या जीवनगुणवत्तेविषयी दिलेली उत्तरे सुसंगत आढळली. म्हणजे अशा व्यक्तींच्या कथनात विश्वसनीयता असते. तीव्र लक्षणांच्या काळात मात्र मुलाखत पुढे ढकलणे इष्ट ठरते.

परंतु विश्वसनीय उत्तर म्हणजे परिस्थितीचे हुबेहूब चित्र नव्हे. व्यक्तिनिष्ठ समाधान आणि वस्तुनिष्ठ परिस्थिती यांचा संबंध अनेक अभ्यासांत कमजोर आढळतो. त्याची मुख्य कारणे अशी :

(अ) मनःस्थिती : उदास व्यक्ती सर्वच क्षेत्रांना कमी गुण देते. त्यामुळे जीवनगुणवत्तेसोबत अवसादाचेही मापन करावे.

(आ) अपेक्षांचे आकसणे : वर्षानुवर्षे जे मिळत नाही त्याची अपेक्षा माणूस सोडून देतो. अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतर कमी होते आणि समाधान वाढलेले दिसते. प्रत्यक्षात परिस्थिती सुधारलेली नसते. मोजपट्टीच सरकलेली असते.

(इ) खरे समायोजन : प्रत्येक समाधान हे अपेक्षा आकसल्याचेच लक्षण नसते. आजारासह जगताना काही व्यक्ती आपले प्राधान्यक्रम विचारपूर्वक बदलतात आणि त्यांत खरोखर समाधान पावतात. बाहेरच्या माणसाने 'हे समाधान खोटे' असा निवाडा देणे हा त्या व्यक्तीवर अन्याय ठरतो.

(ई) अवलंबन व भीती : ज्याच्या घरात आश्रय आहे त्याच्या देखत 'मी समाधानी नाही' असे म्हणणे कठीण असते. मुलाखत एकांतात घेणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. तिच्यावर मापनाची यथार्थता अवलंबून असते.

(आ) आणि (इ) यांतील फरक केवळ गुणांकावरून ओळखता येत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या चाराच्या मागे या दोहोंपैकी काहीही असू शकते. म्हणूनच वस्तुनिष्ठ नोंद व व्यक्तिनिष्ठ उत्तर ही दोन्ही घ्यावीत, शेजारी शेजारी मांडावीत आणि एकाने दुसऱ्याला रद्द करू नये.

वस्तुनिष्ठ नोंदीची गरज आणखी एका कारणाने स्पष्ट होते. तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षांनी कमी असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयविकार, मधुमेह यांसारखे टाळता येण्याजोगे शारीरिक आजार हे त्याचे एक मोठे कारण आहे. 'प्रकृतीविषयी समाधानी' असे उत्तर आले म्हणून रक्तदाब व साखर तपासण्याचे राहून जाता कामा नये.

६.२.६ भाषा आणि मापन

मराठीत 'समाधान' हा शब्द केवळ आवडनिवड सांगत नाही. आपल्या संतपरंपरेत समाधान हा सद्गुण मानला आहे. 'समाधानी आहात का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते. 'बरं चाललंय' या उत्तराचीही तीच गत. बोलणाऱ्याच्या स्वरावरून ते 'चांगले', 'साधारण' किंवा 'विचारू नका' यांपैकी काहीही सुचवते.

म्हणून अशा श्रेणीचा नुसता शब्दशः अनुवाद पुरत नाही. अनुवादाचा पुन्हा मूळ भाषेत उलट अनुवाद करून अर्थ ताडून पाहतात. संघटनेच्या श्रेणीत तर उत्तरांच्या पायऱ्यांचे शब्दही स्थानिक भाषकांकडूनच निश्चित केले गेले. दोन टोकांमधील रेषेवर कोणता शब्द कोठे बसतो, हे लोकांना खुणेने दाखवण्यास सांगून सुमारे २५, ५० व ७५ टक्के अंतरावर पडणारे शब्द निवडण्यात आले. 'थोडेसे', 'बऱ्यापैकी', 'पुष्कळ' या शब्दांतील अंतर आपण सहज गृहीत धरतो. मापनात ते तपासून घ्यावे लागते.

६.२.७ मापनाचा उपयोग

आता पुन्हा त्या बाईंकडे वळू. केवळ चार हा अंक पुढे गेला, तर पुनर्वसनाच्या यादीतून त्यांचे नाव वगळले जाण्याची शक्यता आहे. केवळ वस्तुनिष्ठ नोंद पुढे गेली, तर एखादा उत्साही कार्यकर्ता त्यांना भावाच्या घरातून निवासगृहात हलवण्याचा सल्ला देईल. आणि त्यांनी ज्याला सर्वाधिक मोल दिले तो भावाचा आधारच तुटेल. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या तर वेगळा मार्ग दिसतो : घर तेच राहू द्यावे, विकलांगता प्रमाणपत्र व त्यावर मिळू शकणारे साहाय्य यांसाठी प्रयत्न करावा, आठवड्यातून काही दिवस दिवसा चालणाऱ्या पुनर्वसन केंद्रात किंवा स्वमदत गटात त्यांना जाता येईल असे पाहावे, आणि भावाच्या कुटुंबाशीही बोलावे. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. कदाचित तेव्हा बाई चाराऐवजी तीन म्हणतील. हाती थोडा पैसा आला, चार माणसांत वावर वाढला, म्हणजे अपेक्षाही जाग्या होतात. घसरलेला गुणांक दर वेळी अपयशच दर्शवतो असे नाही, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(क) 'सामाजिक संबंध' क्षेत्रातील तीन उत्तरे ३, २ व ४ अशी आहेत. ० ते १०० च्या मापात गुणांक काढा.
(ख) प्रश्न क्र. २६ चे उत्तर २ आहे. गुणांकनासाठी ते किती धरावे?

६.३ सारांश

जीवनगुणवत्ता म्हणजे जीवनातील आपल्या स्थानाविषयी व्यक्तीची स्वतःची धारणा. ती राहणीमान, लक्षणे व विकलांगता यांच्याशी संबंधित असली तरी त्यांहून वेगळी आहे. निःसंस्थाकरणानंतर रुग्णालयाबाहेरील जगण्याचा प्रश्न पुढे आला आणि त्यातून मापनाची साधने विकसित झाली. लक्षणे स्थिर असलेल्या रुग्णाचे उत्तर विश्वसनीय असते. मात्र मनःस्थिती, आकसलेल्या अपेक्षा, अवलंबन आणि भाषा यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून रुग्णाचा शब्द आणि त्याची परिस्थिती या दोहोंची स्वतंत्र नोंद ठेवून त्या एकत्र वाचाव्यात.

६.४ पारिभाषिक शब्द

निःसंस्थाकरण : मनोरुग्णांना मोठ्या संस्थांतून समाजात आणण्याची प्रक्रिया.
व्यक्तिनिष्ठ निर्देशक : व्यक्तीच्या स्वतःच्या अनुभवावर आधारित माप.
वस्तुनिष्ठ निर्देशक : बाहेरून पडताळून पाहता येणारे माप.
विश्वसनीयता : पुन्हा मापन केले असता सुसंगत उत्तर मिळण्याचा गुण.
यथार्थता : जे मोजायचे आहे तेच मोजले जाण्याचा गुण.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (क) विकलांगता (ख) आठ (ग) तज्ज्ञ मुलाखतकार
प्रश्न २ : (क) सरासरी ३; ३ × ४ = १२; (१२ – ४) ÷ १६ × १०० = ५० (ख) ६ – २ = ४

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. जीवनगुणवत्ता व विकलांगता यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'रुग्ण समाधानी आहे, म्हणून त्याला साहाय्याची गरज नाही' या विधानाचे परीक्षण करा.
३. टीपा लिहा : (अ) अपेक्षांचे आकसणे (आ) श्रेणीचा उलट अनुवाद

६.७ क्षेत्रीय कार्य

प्रशिक्षणाशिवाय व संमतीशिवाय कोणत्याही रुग्णाची मुलाखत घेऊ नका. त्याऐवजी हा प्रयोग स्वतःवर करा. निवास, पैसा, काम, मैत्री व आरोग्य या पाच क्षेत्रांत आपण किती समाधानी आहात, ते १ ते ५ गुणांत लिहा. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला प्रत्येक क्षेत्रातील एक वस्तुनिष्ठ गोष्ट नोंदवा; उदाहरणार्थ, गेल्या आठवड्यात मित्राला प्रत्यक्ष किती वेळा भेटलात. दोन्ही बाजू कोठे जुळत नाहीत ते पाहा आणि त्याची संभाव्य कारणे दहा ओळींत लिहा.